जुडग्यातली लाल चकती

मशीन उतरवायला आलेल्या माणसांना मी दुकानाच्या पायरीवरच अडवलं. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. "पहिले खोलून दाखवा, मंग आत न्या," मी म्हटलं. ते म्हणाले, खोलायचं काम आमचं नाही, फिटर येईल. म्हणजे आणणारा वेगळा, खोलणारा वेगळा, आणि आत काही मोडलेलं निघालं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. आदिलाबादजवळ इचोड्यात हायवेच्या कडेला किराणा दुकान चालवता चालवता माझी एवढी हयात गेली. ओला गूळ मला वासावरून कळतो, तुरीच्या डाळीत लाखोळीची डाळ मिसळलेली हातात घेतली की कळते. चेपलेलं खोकं पाहून मी गप्प बसणारी नाही.

घरात सगळे म्हणतात मी संशयी आहे. असेन. संशय नसता तर दुकान केव्हाच बुडालं असतं.

पण या मशीनची गोष्ट दुकानाची नव्हती, माझ्या नवऱ्याच्या छातीची होती. उन्हाळ्यात गुळाची भेली उचलताना ते खाली बसले आणि त्यांना उठता येईना. नागपूरपर्यंत गाडीत मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते. हात उचलला तर आतलं थांबेल असं मला वाटत होतं. तिथं त्यांना स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, सपाट जागेवर, सावकाश, धाप लागेल असं काही करू नका. एवढंच. गोळ्या आणि चालणं. मला माणूस जिवंत पाहिजे होता, म्हणून मी ते शब्द देवाचे मानले.

आता इचोड्यात माणसानं चालायचं कुठं? समोर हायवे. ट्रकवाले काय, कोणाला वाचवणार? मागच्या गल्लीत कुत्री. आणि वाटेतल्या ढाब्यांवर सगळे ओळखीचे. "शेठ, या, चहा घ्या." हे चालायला म्हणून जायचे आणि मिशीला तेल लावून यायचे. पहिल्यांदा मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा पदर डोक्यावर घेऊन मागोमाग गेले. ढाब्याच्या बाकड्यावर बसून गरम भजी फुंकत होते. मला पाहिल्यावर भजं तोंडात तसंच राहिलं.

"हे चालणं व्हय?" मी विचारलं.

"अवं, दम लागला म्हून बसलो," ते म्हणाले.

मुलाला फोन केला. तो हैदराबादला कंपनीत आहे, आणि तिथून आम्हाला सल्ले देणं हे त्याचं दुसरं काम आहे. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला चांगलं जमतं. "आई, तू बाबाच्या मागं मागं फिरू नको. मी घरातच चालायची मशीन पाठवतो," तो म्हणाला. मशीन आलं ते असं.

फिटर आदिलाबादहून आला. केसांना भरपूर तेल, कानाला सारखा फोन, आणि पुढच्या गावाची घाई. खोकं खोललं तेव्हा मी एकेक नट पाहत उभी होते. मोडलेलं काही निघालं नाही, पण म्हणून माझं समाधान झालं असंही नाही. नवऱ्यानं नारळ फोडायला घेतला तर फिटर ओरडला, मशीनवर पाणी सांडू नका. मग आम्ही उंबऱ्यावर फोडला. नवी गाडी आणल्यावर चाकाखाली लिंबू ठेवतो तसं एक लिंबू मी मशीनच्या पुढच्या पायाशी ठेवलं. फिटरनं पायानं ते बाजूला केलं. मला ते आवडलं नाही.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. जमीन सपाट पाहिजे, डुगडुगली तर खालचे स्क्रू फिरवा. प्लग सरळ भिंतीत, लांबवलेल्या बोर्डात नाही. पट्ट्याखाली अधूनमधून तेल सोडा, आणि ते तेल माझ्याकडे मिळतं. धूळ बसू नये म्हणून कव्हर घ्या, तेही माझ्याकडे मिळतं. खाली रबराची चटई घ्या. वर्षाचा करार करा. मी मनात म्हटलं, आलं आता ध्यानात. निम्म्या गोष्टी सांगायच्या आणि निम्म्या विकायच्या. माझ्या दुकानात साबणाचा एजंट हेच करतो.

"अम्मा, मशीन के पीछे जगा छोड़ो," तो म्हणाला. "आदमी पीछे गिरा तो दीवार नक्को."

मला मशीन वेगळ्या जागी हवं होतं. मधल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, तोंड स्वयंपाकघराकडे. म्हणजे मी भाकरी थापता थापता त्यांचा चेहरा पाहू शकले असते. चेहरा पांढरा पडला तर मला आधी दिसलं पाहिजे. मागं भिंतीला साबणाची खोकी रचलेली होती, ती कुठं न्यायची? "इथंच ठेवा," मी म्हटलं. त्यानं खांदे उडवले आणि इथंच ठेवलं. भांडणाला वेळ त्याच्याकडेही नव्हता.

शेवटी त्यानं एक लाल चकती दाखवली, आपल्या शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. ती पुढच्या खाचेत लावली की मशीन चालू होतं, काढली की जागच्या जागी बंद. चकतीला काळी दोरी आणि दोरीला चिमटा. "ये क्लिप शर्ट कू लगाना अम्मा. गिरे तो खिंचता, मशीन बंद." त्यानं स्वतःच्या शर्टाला चिमटा लावून ओढून दाखवलं. पट्टा थांबला. मी ते पाहिलं. पण ऐकलं एवढंच, की चकतीशिवाय मशीन चालत नाही.

हे फार चांगलं होतं. एवढ्या वर्षांत या घरात जे जे कुलपात ठेवायचं ते माझ्या कमरेला असतं. लग्नानंतर सासूबाईंनी चाव्यांचा चांदीचा आकडा माझ्या कमरेला खोचून दिला, तेव्हापासून गल्ला, कपाट, मागची खोली, तेलाच्या डब्यांची जाळी, सगळं माझ्याकडे. नवऱ्याला साखरेचा डबा जरी पाहिजे असला तरी मला विचारावं लागतं, आणि शुगर असलेल्या माणसाला ते विचारावंच लागलं पाहिजे. मी चकतीची दोरी सोडवली आणि चकती जुडग्यात अडकवली. ती चाव्यांना अशी घट्ट चिकटली की नवरा हसला.

"लोहचुंबक हाये आत," ते म्हणाले. "पाह्य, तुले चिकटलं."

हसण्यावारी नेलं मी. ते वाक्य त्यांनी डोक्यात ठेवलं असेल याचा मला तेव्हा संशय आला नाही, आणि हे मला आजही खटकतं. एवढ्या संशयातून नेमकं तेवढंच सुटलं.

उरलेल्या दोरीचं मी काय केलं ते ऐका. दुकानाच्या काउंटरवर पेन टिकत नाही. एजंट सही करायला घेतात आणि खिशाला लावून निघून जातात, तोंडावर विचारलं की "अरे हो, विसरलोच" म्हणतात. मी त्या दोरीला पेन बांधला आणि चिमटा काउंटरच्या जाळीला लावला. फिटरचा काहीतरी उपयोग झाला असं मला वाटलं.

रोज सकाळी मग आमचा कार्यक्रम. मी जुडग्यातून चकती ओढून काढायची, खाचेत लावायची, ते दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवून उभे राहायचे, मी हळू चालू करायची, आणि मग ते फिरत्या पट्ट्यावर पाय टाकायचे. मी समोर उभी. हात कमरेवर. श्वास मोजत. घाम पाहत. वेग वाढवायला हात गेला की मी "हं" म्हणायची. मुलगा फोनवर विचारायचा, "चिमटा लावता ना?" मी सांगायची, "हो, सगळं करून राह्यलो आमी." मला वाटायचं, मी उभी आहे ना समोर, चिमट्याची गरज काय?

ते मात्र दिवसेंदिवस चिडचिडे होत गेले. "अवं, चालू दे ना मले जरा," म्हणायचे. चालणं संपलं की चकती मी काढून घ्यायची, आणि ते माझ्या कमरेकडे असे पाहायचे की मला राग यायचा. मी काय माझ्यासाठी करत होते?

मग घरात पाणी कुठंतरी मुरायला लागलं.

पहिल्यांदा पट्ट्याला हात लावला तर कोमट लागला. दुपारची वेळ होती. सकाळी चालून झालेल्या मशीनचा पट्टा दुपारपर्यंत गरम राहत नाही. वर पत्रा तापतो म्हणून असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा यांचा टॉवेल ओला. आंघोळ कधीचीच झालेली. विचारलं तर म्हणाले, तोंड धुतलं. शेजारीण सारखी यायची, "अक्का, मशीनवर चालून पाहू का?" म्हणायची. मला वाटलं, मी दुकानात असताना हिला यांनी चालू दिलं. पण चालणार कशी? चकती माझ्या कमरेला. रात्री झोपतानाही मी जुडगा उशाशी ठेवत होते.

तिरुपतीहून आणलेला बालाजीचा छोटा पितळी रंगाचा चुंबक आमच्या फ्रिजला असतो, दाराच्या अगदी वर, मधोमध. फ्रिज मी रोज पुसते, त्यामुळं देवाची जागा मला अंगठ्याएवढीही चुकत नाही. एक दिवस पाहिलं तर बालाजी दाराच्या कडेला, खाली, भाजीच्या कप्प्याच्या पातळीवर. मी नवऱ्याला विचारलं.

"मले काय मालूम? देव हाये, हिंडत असन," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण ते वाचतही नव्हते. चोराच्या मनात चांदणं असतं ते चेहऱ्यावर दिसतं. मी बालाजीला जागेवर लावलं. दोन-चार दिवसांनी तो पुन्हा तिरका. आता माझी खात्री झाली की काहीतरी चाललंय आणि ते माझ्यापासून लपवलं जातंय. पण देवाचा आणि मशीनचा संबंध काय, ते माझ्या डोक्यात येईना. मला वाईट वाईट शंका आल्या. हा माणूस फ्रिजमधून लपून काही काढून खातोय, असं वाटलं. मी लोण्याच्या डब्यावर बोटानं खूण करून ठेवली. खूण तशीच राहिली. म्हणजे खात नव्हते. मग करत काय होते?

बाजाराच्या दिवशी मी मोठ्यानं सांगितलं की वांगी घेऊन, तिथून भाच्याच्या घरी जाऊन येते, उशीर होईल. दुकान त्यांनी दुपारसाठी बंद केलं. मी बाजारात गेले, वांगी घेतली, आणि भाच्याच्या घराकडं पाठ करून सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. चपला हातात. आपल्याच घरात चोरासारखं शिरताना मला लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली. आतून घूं असा आवाज येत होता.

मशीनचं तोंड स्वयंपाकघराकडं, म्हणजे माझ्याकडंच होतं. ते मीच तसं ठेवलं होतं. त्यामुळं मी त्यांना पाहिलं आणि त्यांनी मला पाहिलं, दोन्ही एकाच वेळी. ते जोरात चालत होते. मी कधी चालू देत नव्हते एवढ्या जोरात. पाय अनवाणी. चेहरा लाल झालेला, घामानं चमकणारा, आणि त्या चेहऱ्यावर असं सुख होतं की मला आधी तेच सहन झालं नाही.

"काऊन आली वापस?" त्यांनी दचकून विचारलं. हाताचा दांडा धरून ते बाजूच्या पट्टीवर आले आणि तिथून खाली उतरले. पट्टा तसाच फिरत राहिला.

मी पुढं पाहिलं. खाचेवर, चकतीच्या जागी, बालाजी चिकटलेला.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"त्याले लोहचुंबकच पाह्यजे. चकतीच पाह्यजे असं काई नाई," ते म्हणाले. आणि मग, जणू यानं सगळं मिटणार होतं, "बालाजी हाये ना. तो सांभाळते."

माझं डोकं फिरलं. नागपूरच्या वाटेवर मी कोणाकोणाला हाका मारल्या होत्या ते मला माहीत होतं, आणि हा माणूस देवाला स्विच करून धावत होता. मी वांग्यांची पिशवी टाकली आणि तो बालाजी ओढून काढायला मशीनवर चढले. बाजूच्या पट्टीवर नाही. सरळ पट्ट्यावर.

पाय ठेवला तो पाय पट्ट्यानं मागं नेला. दांडा धरायला हात गेला आणि हुकला. गुडघे आपटले, मग मी पोटावर मागं सरकत गेले आणि मागं जागा नव्हती. भिंत होती, साबणाची खोकी होती. वरचं खोकं माझ्या खांद्यावर आलं. मी भिंत आणि पट्टा यांच्या मध्ये अडकले आणि पट्टा माझी नडगी घासत फिरतच होता, लुगड्याचा काठ आत ओढत होता. काही आपोआप थांबत नव्हतं. माझा हात कमरेकडं गेला. लाल चकती जुडग्यात होती, माझ्याच कमरेला, आणि तिचा मला काही उपयोग नव्हता.

नवऱ्यानं एका उडीत पुढून हात घातला आणि बालाजी उपटला. पट्टा थांबला. खोलीत इतकं शांत झालं की बाहेरचा ट्रकचा हॉर्न आत आल्यासारखा वाटला.

ते खोकी बाजूला फेकत माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसले. मी आधी त्यांच्या छातीवर हात ठेवला. माझ्या नडगीतून रक्त येत होतं, पण माझा हात तिथंच गेला. आत धडधडत होतं, जोरात, पण नीट.

"मले काई नाई झालं," ते म्हणाले. "तुले लागलं."

मी रडले. दुखलं म्हणून नाही. "तुमाले काही झालं असतं तं? मी बाजारात, घर बंद, अन् हे असंच फिरत राह्यलं असतं तं?"

ते लुगड्याचा काठ पट्ट्यातून हळूहळू सोडवत राहिले. मग खाली पाहतच म्हणाले, "तू समोर उभी राह्यली का माही छाती जास्त धडधडते. तू अशी पाह्यते, जसा मी आत्ताच मरून राह्यलो. एकटा चाललो का मले वाटते, मी बरा झालो."

यावर मी साबणाची खोकी मोजल्यासारखं केलं.

त्यांनी हळद लावली, फडकं बांधलं आणि उठून दुकानात गेले. मला वाटलं, गेले मुलाला फोन करायला, आता आईची तक्रार होणार. कान लावून बसले. फोनचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं ते आले तेव्हा त्यांच्या हातात काळी दोरी होती. पेनाची गाठ सुटली नव्हती म्हणून त्यांनी ती दातांनी सोडवली होती, दोरीला थुंकी लागलेली होती.

"आण ती चकती," ते म्हणाले.

मी जुडगा कमरेवरून काढला. चकती चाव्यांना चिकटून बसलेली, सहज निघेना. निघाली तेव्हा मी ती त्यांच्या हातात दिली. परत मागितली नाही.

संध्याकाळी शेजारणीच्या नवऱ्याला बोलावून मशीन फिरवलं. आता त्याचं तोंड मागच्या अंगणाच्या खिडकीकडं आहे आणि मागं सगळी खोली मोकळी आहे. साबण माळ्यावर गेला. स्वयंपाकघरातून मला त्यांची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. फिटरला फोन करून तेलही मागवलं, कारण पट्टा खरखर करत होता. त्यानं भाव वाढवून सांगितला, मी भांडले, आणि घेतलं. बालाजी फ्रिजवर, वर, मधोमध.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट घातले, चिमटा शर्टाला लावला, दोरी ओढून एकदा तपासली आणि मला म्हणाले, "जा तू दुकानात." मी गेले. नडगी ठणकत होती. साबणाचा एजंट आला, सही केली, आणि तो पायरी उतरल्यावर मी पाहिलं तर काउंटरवर पेन नव्हता. कोणी नेला ते मला पक्कं माहीत आहे, आणि तो पुन्हा येईल तेव्हा मी त्याच्या खिशात हात घालून काढणार आहे. त्या वेळी हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती, तो पायरीखालीच होता. मी मारली नाही. आतून पावलांचा आवाज येत होता, सावकाश, एकसारखा, आणि मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.